कापून आलेल्या पैशाचा हिशेब

राहुरीच्या किंवा घोडेगांवच्या बाजारांत कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं जी पट्टी पडते, ती आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं आपल्या घरीं पाहिली असेल. तींत प्रथम वजन व भाव मांडून एकूण रक्कम दिलेली असते. तिच्याखालीं हमाली, तोलाई वगैरे खर्च एकेका ओळीनें वजा केलेले असतात. आणि अखेरीस हातीं पडणारी रक्कम येते. शहाणा शेतकरी केवळ शेवटचा आंकडा पाहून पट्टी फेंकून देत नाहीं. माल केवढ्यास गेला हें पहिल्या आंकड्यावरून कळतें, व तो विकण्यास काय खर्च पडला हें मधल्या ओळींवरून कळतें. व्यापारी हिशेबाचें एक मोठें तत्त्व या लहानशा कागदांत आलेलें आहे. तेंच तत्त्व आजच्या ऑनलाइन देवघेवीस कसें लावावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविण्याबद्दल मोबदला घेण्याची चाल नवी नाहीं. पूर्वीं परगांवीं पैसा पाठवावयाचा झाल्यास सावकाराची हुंडी घेत व तिजबद्दल हुंडणावळ देत. एका प्रकारचें नाणें देऊन दुसरें घेतांना बट्टा पडे. पुढें पोस्टाची मनीऑर्डर आली. तिचें कमिशन पाठविणारा खिडकीवरच निराळें भरीत असे, म्हणून घेणाऱ्यास पूर्ण रक्कम मिळे. आजच्या कार्डाच्या व्यवहारांत याच्या उलट घडतें. शुल्क विकणाऱ्यावर पडतें, व तेंही मागून घेतलें जात नाहीं; बहुधा आधींच कापून उरलेली रक्कम त्याच्या खात्यांत जमा होते. म्हणूनच हा खर्च नजरेआड होतो.

प्रत्येक व्यवहारावर शुल्क पडतें असें मात्र नाहीं. यूपीआयची पद्धति २०१६ सालीं सुरू झाली. बँकेच्या खात्यांतून यूपीआयनें आलेल्या रकमेवर, तसेंच रूपे डेबिट कार्डावर, १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास हें शुल्क द्यावें लागत नाहीं. परंतु क्रेडिट कार्डावर व संकेतस्थळावरून येणाऱ्या रकमांवर करारांत ठरल्याप्रमाणें शुल्क पडतें. तें पुष्कळदां दोन टक्क्यांच्या आसपास असतें, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. दुकानांत "अमुक रुपये प्राप्त झाले" असें बोलणाऱ्या साउंडबॉक्सचें दरमहा भाडें असेल, तर तेंही असेंच गुपचूप कापलें जातें.

आतां एक उदाहरण घेऊं. नगरच्या कापडबाजारांतील एक दुकान कल्पावें. गिऱ्हाइकानें एकूण १०,००० रुपयांचें कापड घेऊन क्रेडिट कार्ड दिलें. शुल्क दोन टक्के, म्हणजे २०० रुपये. त्यावर जीएसटी ३६ रुपये. दुसऱ्या दिवशीं खात्यांत ९,७६४ रुपये जमा झाले. दुकानदारानें वहींत काय लिहावें? बँकेचें पासबुक पाहून "विक्री ९,७६४" असें लिहिणें सोपें आहे. परंतु तें चूक आहे. विक्रीच्या बाजूस बिलाची पूर्ण रक्कम, १०,००० रुपये, आली पाहिजे. तिच्यासमोर बँकेच्या नांवें ९,७६४, शुल्काच्या नांवें २०० व शुल्कावरील कराच्या नांवें ३६ पडले पाहिजेत. या तिघांची बेरीज १०,००० होते, व हिशेब आपोआप जुळतो.

यावर कोणी म्हणेल, "नफा तर शेवटीं तोच राहतो, मग ही यातायात कशाला?" त्यास आमचीं तीन उत्तरें आहेत.

पहिलें असें कीं, सरकार उलाढाल मोजतें ती पूर्ण रकमेची. केवळ माल विकणाऱ्यास महाराष्ट्रांत वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली म्हणजे सामान्यतः जीएसटीची नोंदणी करावी लागते. समजा, ४०,५०,००० रुपयांची सर्व विक्री वरील दरानें कार्डावर झाली. कापून जाणारे ९५,५८० रुपये वगळतां बँकेंत ३९,५४,४२० रुपयेच दिसतील. दुकानदार म्हणेल, मी मर्यादेच्या आंत आहें; वस्तुतः त्यानें ती केव्हांच ओलांडलेली असेल.

दुसरें असें कीं, नोंदणी झालेल्या व्यापाऱ्यास ते ३६ रुपये आपल्या देण्यांतून वजा करून घेतां येतात. मात्र त्यासाठीं शुल्क घेणाऱ्या संस्थेचें, आपला जीएसटी क्रमांक असलेलें कर-बिल पाहिजे, व तें सरकारी पोर्टलवरही दिसलें पाहिजे. वर्षांत तीन लाखांची विक्री अशी झाली, तर शुल्क ६,००० व त्यावरील कर १,०८० रुपये होतो. कागद नसेल तर ते १,०८० रुपये हातचे जातात. नोंदणी नसणाऱ्यानें व कंपोझिशन योजनेंत असणाऱ्यानें हा करही खर्चांतच धरावा.

तिसरें आयकराविषयीं. जो रीतसर वह्या ठेवून नफा काढतो, त्याला हें शुल्क धंद्याचा खर्च म्हणून दाखवितां येतें. लहान व्यापाऱ्यास मर्यादेच्या आंत अंदाजी नफ्याची सवलत आहे. तींत बँकेमार्फत आलेल्या उलाढालीवर निदान ६ टक्के व रोखीवर ८ टक्के नफा धरतात. तेथें शुल्क निराळें वजा होत नाहीं, आणि टक्के लावावयाचे ते पूर्ण विक्रीवर, कापून आलेल्या रकमेवर नव्हे.

हिशेब नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण शेजारच्या प्रांतांत घडलें. जुलै २०२५ मध्यें कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानें यूपीआयच्या जमेवरून अनेक लहान दुकानदारांस नोटिसा पाठविल्या. बंगळूरांत कित्येकांनीं भिऊन "यूपीआय नाहीं, फक्त रोख" अशा पाट्या लाविल्या. बँकेचें खातें पैसा आला एवढेंच सांगतें. तो विक्रीचा, उसनवारीचा, कीं घरच्या माणसानें पाठविलेला, हें सांगावयास आपली वहीच पाहिजे. पाटी लावून ही वाण भरून निघत नाहीं.

म्हणून आमच्या कांहीं सूचना आहेत. धंद्याचें खातें घरखर्चाहून निराळें ठेवावें. शुल्क घेणाऱ्या संस्थेचा जमा-तपशील दर आठवड्यास उतरवून घ्यावा; तीच आपली पट्टी होय. महिन्याचें कर-बिल त्याच महिन्यांत मिळवावें. ३१ मार्चला विकलेल्या मालाचे पैसे एप्रिलांत आले, तरी पक्क्या वह्या ठेवणाऱ्यानें विक्री जुन्या वर्षांतच लिहावी व रक्कम येणें दाखवावी. शिर्डीच्या एखाद्या निवासगृहास खोली रद्द झाल्यामुळें पैसे परत करावे लागले, तर शुल्क परत मिळालें कीं नाहीं हें पाहून तसें लिहावें. आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, दुकानांतील स्कॅनर व मोबाईल आपल्या आईवडिलांहून तुम्हांस अधिक चांगले समजतात. तर या सुटींत एका संध्याकाळीं त्यांच्याजवळ बसा, मागील महिन्याचा जमा-तपशील काढा, आणि पूर्ण विक्री, कापलेलें शुल्क व जमा रक्कम अशीं तीन घरें आंखून बेरीज करा. वर्गांत शिकलेली शेंकडेवारी घरच्या भाकरीच्या उपयोगीं कशी पडते, हें तुम्हांस तेव्हां कळेल. आणि पालकांसही आपल्या मेहनतीच्या पैशांतून काय कुठें जातें, हें कदाचित् प्रथमच स्पष्ट दिसेल.