राहू, छाया आणि घोटभर पाणी

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारी अंकोला, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसले. आमच्या बेळगावात ते खंडग्रास होते, तरी भर दुपारी तिन्हीसांजा झाल्यासारखे वाटले. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. ग्रहणाची आकृती सुबक काढून परीक्षेत गुणही मिळवले होते. घरात मात्र दारे-खिडक्या बंद, दुधातुपात दर्भाच्या काड्या आणि आतल्या खोलीत सात महिन्यांची गर्भवती वहिनी एका जागी बसलेली. तिने हळूच हाक मारली, "भावजी, घोटभर पाणी द्याल का?" मी आजीकडे पाहिले आणि मान खाली घातली. ग्रहण सुटेपर्यंत वहिनी तहानेलीच राहिली.

मला ज्ञान नव्हते असे नाही. मग मी गप्प का बसलो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच ज्योतिर्गणिताच्या इतिहासाने मदत केली.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने स्पष्ट सांगितले की, चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होते आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते तेव्हा चंद्रग्रहण. सहाव्या शतकात वराहमिहिरानेही ग्रहणाचे कारण राहू नव्हे, असे प्रतिपादन केले. परंतु इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या मताच्या पंडितांना दोष दिला. राहू ग्रासत नसेल, तर श्रुतिस्मृतींचे वचन आणि ग्रहणकाळी केलेली स्नानदाने यांचे काय, हा त्याचा सवाल होता. आश्चर्य असे की, ग्रहणाचे गणित तो स्वतः छायेच्या मापानेच करीत असे! इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌बेरुनीने ही विसंगती हेरली. एवढा मोठा गणिती असे लिहितो, याचे मूळ सॉक्रेटिसासारखी गत होण्याच्या भयात असावे, असा त्याचा तर्क होता. तो खरा की खोटा, हे आज सांगता येणार नाही. पण त्या दुपारी माझ्या मनात काय चालले होते, ते मी सांगू शकतो. मला शिक्षेचे भय नव्हते. आजीची माया दुखावण्याचे भय होते. ती वहिनीच्या बाळासाठीच तर जपत होती! रूढ समजुतीवर प्रश्न विचारणे अवघड जाते ते बहुधा यामुळेच. समजूत एकटी नसते. तिच्याभोवती जिव्हाळ्याची माणसे उभी असतात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारा. पण पारखून विचारा. जुने ते सारे खोटे, ही देखील एक न तपासलेली समजूतच आहे. ग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, हे आजीचे सांगणे योग्यच होते; कारण तेवढे निराळे. सूर्याकडे टक लावणे एरवीही घातकच. पण ग्रहणात तेज कमी भासते, म्हणून माणूस पाहत राहतो आणि डोळ्याचा पडदा भाजतो. उलट, ग्रहणात अन्न दूषित होते, हे तपासून पाहता येते. ग्रहणकाळात झाकून ठेवलेला भात आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ, तसाच ठेवलेला भात यांची तुलना करा. वाद घालण्यापेक्षा हा मार्ग बरा.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी मी मुलांना पुठ्ठ्याच्या छिद्रातून ग्रहणाची प्रतिमा दाखवली. नंतर बिस्किटे वाटली. काहींनी घेतली, काहींनी नाही. ज्यांनी घेतली नाहीत त्यांची मी थट्टा केली नाही, कारण एके काळी मीही त्यांच्यातलाच होतो.

त्या संध्याकाळी वहिनीकडे मी जुनी गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. ती हसली. म्हणाली, "पाणी दिलं नाहीत त्याचं काही नाही, भावजी. पण प्यायल्याने काही होत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? तेवढं बोलला असतात, तर मीच उठून प्याले असते."

ज्याला कळते त्याने गप्प राहिल्याने काय होते, हे मला पुस्तकांपेक्षा या एका वाक्याने अधिक शिकवले.