सुईची आठवण आणि गणकयंत्राची स्मृती
(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

कन्नड तालुक्यातील बालकांच्याही हाती आता मोबाइल येतो. परंतु यंत्र 'लक्षात ठेवते' म्हणजे नेमके काय करते, असे विचारल्यास 'ते आपोआप होते' एवढेच उत्तर मिळते. शिक्षकाने या उत्तरावर समाधान मानू नये. स्मृतीचे मूळ तत्त्व शिवणाच्या सुईनेही दाखविता येते. त्यासाठी शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही.

प्रयोग. चुंबकाचे एकच टोक सुईवर नेढ्याकडून अग्राकडे वीस-पंचवीस वेळा फिरवावे. परतताना चुंबक उचलून घ्यावा. सुई पिंपळाच्या सुक्या पानावर ठेवून पितळेच्या परातीतील पाण्यावर सोडावी. लोखंडी घमेले वापरू नये. सुई दक्षिणोत्तर स्थिर होईल. नंतर तेच टोक अग्राकडून नेढ्याकडे पुष्कळ वेळा फिरविल्यास सुईचे अग्र उलट दिशेस वळेल. पुढे ही क्रिया मुलांच्या पाठीमागे करावी व सुई पाहून चुंबक कसा फिरविला ते त्यांना ओळखावयास सांगावे. चुंबक दूर गेला, तरी त्याची खूण सुईत राहिली, हीच स्मृती. एका दिशेस १ व उलट दिशेस ० मानावे.

याच तत्त्वावर फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती तयार झाली. अमेरिकेतील 'व्हर्लविंड' गणकयंत्रात ती १९५३ साली बसविण्यात आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः रचलेले गणकयंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रारंभी प्रत्येकी ४० अंकचिन्हांचे १०२४ शब्द मावत. एका चिन्हास एक कडी, म्हणजे ४०,९६० कड्या झाल्या.

इतक्या कड्यांतून हवी ती कशी निवडावी? अंगणात १६ मुले चार आडव्या व चार उभ्या रांगांत उभी करावीत. आपल्या दोन्ही रांगांचे क्रमांक पुकारले गेले तरच मुलाने पाठ फिरवावी. एकच पुकारल्यास स्थिर राहावे. कड्यांतूनही आडवी व उभी तार ओवलेली असते. प्रत्येक तारेतून अर्धाच प्रवाह जातो. जेथे दोन्ही अर्धे एकत्र येतात, तेथील कडीच उलटते. अशा रीतीने ६४ तारांनी १०२४ कड्या निवडता येतात.

वाचताना कडी ० कडे वळवितात. ती उलटली, तर तिसऱ्या तारेत क्षीण विद्युत्स्पंद उमटतो. म्हणजे तेथे १ होता. परंतु वाचताच तो पुसला जातो, म्हणून यंत्र तो लगेच पुन्हा लिहिते.

१९७० नंतरच्या दशकात अर्धवाहक स्मृतीने कड्यांची जागा घेतली. आजच्या मोबाइलमध्ये विद्युत्भार ठेवून नोंद होते. तथापि दोन अवस्था, ० व १, हे तत्त्व तेच आहे.

मुलांस विचारावयाचे प्रश्न :
१. आठ आडव्या व आठ उभ्या तारांनी किती कड्या निवडता येतील?
२. सुईऐवजी मऊ लोखंडाची तार घेतल्यास खूण तितकीच टिकेल काय? करून पाहा.