चार हात दूर

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याची खाडी ओलांडतो आणि समुद्राच्या सोबतीने दक्षिणेकडे वळतो. तीसएक किलोमीटरांची वाट सरली, की काशीद लागते. पश्चिमेस पांढऱ्या वाळूचा किनारा व सुरूची झाडे, पूर्वेस फणसाडचे अरण्य, आणि या दोहोंच्या मध्ये गाव. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. कितीतरी सुरू उन्मळून पडले, विजेचे खांब आडवे झाले आणि किनाऱ्यावरील गावांना अनेक रात्री अंधारात काढाव्या लागल्या.

त्या रात्री घराघरांतून विजेचा प्रवाह नव्हता, म्हणून प्रवाहाभोवती जे अदृश्य विद्युतचुंबकीय क्षेत्र पसरते, तेही नव्हते. पुढे वीज आली आणि तिच्याबरोबर ते क्षेत्रही परतले. आज मूल निजते त्या खोलीत उशीखाली मोबाइल असतो, उशालगत त्याचा चार्जर, फळीवर वायफायची पेटी, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला फ्रीज. या न दिसणाऱ्या शेजाऱ्यांपासून निजलेल्या मुलाला अपाय होतो काय, ही शंका पुष्कळ घरांत निघते. कोणी तिला हसून उडवून लावतो, तर कोणी भयभीत होतो. पण अशा शेजाऱ्यांशी कसे वागावे, याचा उत्तम पाठ काशीदच्या याच रस्त्याच्या उत्तर टोकाला, अलिबागला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे.

मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे; तथापि त्याचे बळ स्थिर नसते, दिवसाच्या प्रहरांनुसार व सूर्याच्या क्षोभानुसार ते किंचित बदलते. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील एका महाक्षोभाचा परिणाम पृथ्वीवर जाणवला, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून केलेल्या नोंदींत चुंबकीय बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले आढळते. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिशय लहान माप होय. त्या महावादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या या नोंदी उघडून पाहतात.

१८९६ मध्ये डॉ. नानाभाई मूस या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे लवकरच एक पेच उभा राहिला. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढीत असत; आता त्या विजेवर चालवाव्यात, असे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीतही झिरपतो, आणि असा प्रवाह शेजारून वाहू लागला, तर पृथ्वीचे सूक्ष्म फेरफार टिपणाऱ्या चुंबकसूचीला काही कळेनासे व्हावे, यात नवल नाही. कुजबूज ऐकू पाहणाऱ्याच्या कानाशी कोणी ढोल बडवावा, तसे ते झाले असते.

मग करावे काय? ट्राम ही नगराची गरज होती, आणि लोहाच्या जाड भिंतींआड चुंबकसूची कोंडावी, तर पृथ्वीचे चुंबकत्वही तिला नीट कळले नसते. मार्ग एकच उरला, तो म्हणजे उपकरणांनीच दूर जाणे. त्यासाठी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडण्यात आले. कोकणातील काळ्या खडकात लोहयुक्त खनिज असते, म्हणून येथल्या इमारतीस तो खडक चालला नाही. पोरबंदरचा दगड आणावा लागला. बांधकामात लोखंडाला थारा नव्हता, त्याचे काम तांब्यापितळेवर भागवले. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. येथील शिस्त विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नवी जागा मिळाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवून परस्परांशी ताडून पाहिली, जेणेकरून साठाहून अधिक वर्षांच्या नोंदींची साखळी तुटू नये. नंतर १९०७ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली काम करीत आहे.

मूस यांची चुंबकसूची फार नाजूक होती, मुलाचे शरीर तितके नाजूक नाही, हे खरे. परंतु निसर्गाचा जो नियम तेथे उपयोगी पडला, तोच येथेही पडतो. फ्रीजच्या मोटारीसारख्या यंत्रापासून थोडे दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, की चुंबकीय क्षेत्र निम्मे होत नाही, सुमारे अष्टमांश होते. वायफायच्या पेटीतून निघणाऱ्या रेडिओलहरी दुप्पट अंतरावर साधारण चतुर्थांश उरतात. चार हात दूर राहणे हा वाक्प्रचार या बाबतीत अक्षरशः उपयोगी आहे. मात्र विटांची भिंत हे अंतर नव्हे. रेडिओलहरींना भिंत थोडीफार अडवते; मोटारीच्या चुंबकीय क्षेत्राला ती जवळजवळ मोकळे दारच आहे. म्हणून भिंतीपलीकडे काय आहे, हे पाहून मगच खाट लावावी.

आता अपायाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने विजेच्या प्रवाहातून उद्भवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांना २००२ मध्ये आणि रेडिओलहरींना २०११ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. हे शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. याच वर्गात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. अर्थ एवढाच, की शंकेला जागा आहे, पुरावा अपुरा आहे. ज्या घरांत चुंबकीय क्षेत्राची सरासरी ३०० ते ४०० नॅनोटेस्लांहून अधिक होती, तेथील मुलांत रक्ताचा एक कर्करोग किंचित अधिक आढळला. पण तो त्या क्षेत्रामुळेच झाला, असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक घरांतील सरासरी त्याहून बरीच कमी असते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र अलिबागेस ४० हजार नॅनोटेस्लांहून अधिक आहे, मग तेवढ्याशाची चिंता कशाला, असे एखादा चलाख विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर असे, की पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ स्थिर असते, घरातील विजेचे सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि बदलते क्षेत्रच शरीरात अत्यल्प प्रवाह निर्माण करू शकते.

लोक भितात ते बहुधा टेकडीवरच्या मनोऱ्याला. भारतात मोबाइलच्या मनोऱ्यांसाठीची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली गेली. खरे तर डोक्याशी लावलेला फोनच अधिक निकटचा. शिवाय मनोरा दूर असला, आड डोंगर आला, की फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावतो. डोंगरालगतच्या गावांत जेथे संदेश क्षीण येतो, तेथे उशीखालचा फोन अधिकच नको. लहरी शोषून घेणाऱ्या म्हणून ज्या चकत्या फोनवर चिकटवण्यास विकतात, त्यांवर पैसे घालवू नयेत. एखादीने खरोखर लहरी अडवल्याच, तर फोन आणखी जोर लावील!

खोलीतील फेरफाराला खर्च येत नाही. खाटेचे उसे फ्रीज किंवा वीजमापक असलेल्या भिंतीपासून फिरवावे. वायफायची पेटी माजघरात न्यावी. छताचा पंखा मुळातच दूर असतो. कोकणातल्या उकाड्यात तो बंद करून निजणे हा शहाणपणा नव्हे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत राहावा. लहरींचा अपाय शंकास्पद असेल, पण उशीखाली कोंडून तापणारा फोन आग लावू शकतो आणि त्याचा उजेड झोप उडवतो, याविषयी शंका नाही. गजरासाठी तो जवळ हवाच असेल, तर त्यावरील विमानाचे चिन्ह दाबून ठेवावे. त्या अवस्थेत तो गजर देतो, पण मनोऱ्याशी बोलत नाही. काशीदला मात्र गजराची गरज कितपत भासावी, हा प्रश्नच आहे. तेथे पहाटे कोंबडे असतात, आणि समुद्र तर रात्रभर जागाच असतो.