कोर्टाच्या हुकमाने घरी औषध देता येतं का?

प्रश्न : माझा भाऊ यंत्रमागावर कामाला आहे. पाच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू असल्या की ठीक असतो. हल्ली गोळी जिभेखाली धरतो आणि मोरीत थुंकतो, हे आईने पाहिलं. रात्रभर जागतो, शेजारी पाळत ठेवतात म्हणतो. मारहाण करत नाही. कोर्टातून ऑर्डर आणली तर घरी राहून औषध घ्यावंच लागेल, असं लोक सांगतात. खरं आहे का?
– एक भगिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नाही, ताई. असा हुकूम न्यूयॉर्कमध्ये 1999 च्या कायद्याने देता येतो. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ती सोय नाही. लोकांच्या मनात 1987 चा जुना कायदा असावा. तेव्हा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने येरवड्याला दाखल करत. पण तोही दाखल करण्याचाच हुकूम होता.

आज इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम 89 लागतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची लक्षणं, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, हे दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून लिहावं लागतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुदत आधी 30 दिवसांची. तुमचा भाऊ आज त्यात बसेल असं दिसत नाही. ही हतबलता मी अनेक घरांत पाहिली आहे, म्हणून कळवळून सांगतो : वरणात गोळी कालवू नका. ज्याला आधीच संशय आहे, त्याला एकदा कळलं तर तो घरचं जेवणही सोडेल.

गोळी का नको, ते त्यालाच विचारा. हात थरथरतात, मागावर झोप येते, अशी कारणं पुष्कळदा निघतात. डॉक्टर औषध बदलू शकतात. त्याची तयारी असेल तर महिन्याकाठी घ्यायचं इंजेक्शनही असतं.

आणखी एक. कलम 14 प्रमाणे तो तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. साधा कागद, त्यावर त्याची सही किंवा अंगठा, एवढं पुरतं. पुढे प्रकृती बिघडलीच, तर दाखल करण्याचा अर्ज तुम्हाला करता येईल. तो शांत असेल त्या दिवशी हे बोलून घ्या.

तो येत नसला तरी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात आधी तुम्ही जा. रात्री अडचण आली तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.