घटक ५ : प्रेक्षकाचा अभिप्राय आणि त्याची भाषा (‘अ स्टार इज बॉर्न’च्या निमित्ताने)

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर चित्रपट पाहून उमटलेली प्रतिक्रिया, त्या चित्रपटाचा लावलेला अर्थ आणि त्याविषयी दिलेला निर्णय यांतील फरक तुम्हांला वाक्यरचनेवरून ओळखता येईल. एकाच चित्रपटाविषयी परस्परविरोधी मते का संभवतात, याचा शोध घेता येईल आणि स्वतःचा अभिप्राय आधारासह लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण पुस्तकपरीक्षणाचा विचार केला. चित्रपटाविषयी बोलणे त्याहून सोपे आहे, असा आपला समज असतो; लिहावयास बसल्यावर मात्र लेखणी अडते. ‘चित्रपट अप्रतिम आहे, सर्वांनी अवश्य पाहावा’ हे वाक्य गृहपाठ तपासताना मी इतक्या वेळा वाचले आहे, की आता त्यातून काहीच ऐकू येत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्यास मत नसते असे नव्हे. आपले खरे मत विद्यापीठीय लेखनात शोभणार नाही, अशी त्याला धास्ती असते.

एका संपर्कसत्रात मी ‘अ स्टार इज बॉर्न’ हा १९५४ सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला होता. दिवे लागल्यावर चाळिशीच्या एक विद्यार्थिनी संकोचत म्हणाल्या, “मॅडम, लग्नात माझंही नाव बदललं. तेव्हा ते मला आवडलं नव्हतं. या चित्रपटाचा शेवट मला पटला नाही. पण तो बघताना रडू मात्र आलं. मग यातलं माझं मत कोणतं धरायचं?” त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. हा घटक म्हणजे त्याच प्रश्नाचा जरा सावकाश केलेला विचार आहे.

५.३ कथा आणि तिची रूपे

कथा थोडक्यात अशी. नॉर्मन मेन हा हॉलिवूडचा ख्यातनाम, परंतु मद्याच्या आहारी गेलेला नट. एका धर्मादाय कार्यक्रमात तो नशेत रंगमंचावर घुसतो, तेव्हा एस्थर ब्लॉजेट ही अपरिचित गायिका त्याला आपल्या गाण्यानृत्यात सामावून घेऊन त्याची अब्रू वाचवते. पुढे तो तिचा आवाज ऐकतो, तिला चित्रपटसृष्टीत आणतो. दोघे विवाह करतात. तिची कीर्ती वाढत जाते, त्याची ओसरत जाते. ऑस्कर समारंभात ती पारितोषिक स्वीकारत असताना तो नशेत व्यासपीठावर येऊन काम मागतो आणि त्या भरात त्याचा हात चुकून तिच्या तोंडावर बसतो. अखेरीस आपल्यासाठी ती अभिनय सोडणार असल्याचे त्याच्या कानी पडते आणि तो समुद्रात शिरून जीवन संपवतो.

ही कथा प्रथम १९३७ मध्ये विल्यम वेलमन यांच्या दिग्दर्शनाखाली, जॅनेट गेनर आणि फ्रेडरिक मार्च यांना घेऊन पडद्यावर आली. १९५४ चे रूप जॉर्ज क्यूकर यांनी दिग्दर्शित केले, पटकथा मॉस हार्ट यांची, आणि प्रमुख भूमिकांत जूडी गार्लंड व जेम्स मेसन. पुढे १९७६ मध्ये बार्बरा स्ट्रायसँड आणि २०१८ मध्ये लेडी गागा यांनी नायिका साकारली. आपण मुख्यतः १९५४ च्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत.

येथे पहिली अडचण उभी राहते. ‘मी हा चित्रपट पाहिला’ या वाक्यातील ‘हा’ म्हणजे कोणता? सप्टेंबर १९५४ मध्ये पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपटाची लांबी १८१ मिनिटे होती. इतक्या लांबीमुळे दिवसाचे खेळ कमी होतात, अशी चित्रपटगृहचालकांची तक्रार आली. वॉर्नर ब्रदर्सने काही आठवड्यांतच, दिग्दर्शकाचा सहभाग नसताना, सुमारे २७ मिनिटांचा भाग कापला आणि १५४ मिनिटांची प्रत सर्वत्र फिरू लागली. १९८३ मध्ये रोनाल्ड हेवर यांच्या प्रयत्नांनी १७६ मिनिटांची प्रत सिद्ध झाली. ज्या दृश्यांची फीत सापडली नाही, तेथे मूळ ध्वनी ऐकू येतो आणि पडद्यावर स्थिर छायाचित्रे दिसतात.

ही केवळ माहिती नव्हे. कापलेल्या भागात पहिल्या भेटीनंतर दोघांची ताटातूट होते ते प्रसंग होते, नॉर्मन तिला लग्नाची मागणी घालतो तो प्रसंग होता. म्हणून ‘यांचे प्रेम फार अचानक जुळते’ असे १५४ मिनिटांची प्रत पाहिलेला प्रेक्षक म्हणाला, तर तो चुकीचे बोलत नाही. त्याने पाहिलेल्या चित्रपटात ते अचानकच जुळते. आणखी एक उदाहरण पाहा. एस्थर आपल्या रंगभूषेच्या खोलीत स्टुडिओप्रमुखापुढे ढसढसा रडते. तिच्या चेहऱ्यावर विदूषकी ठिपके रंगवलेले असतात, कारण ती एका आनंदी गाण्याच्या चित्रणातून उठून आलेली असते आणि अश्रू पुसून त्याच गाण्याकडे परतते. छोट्या प्रतीत ते गाणेच उरले नाही. रडणे राहिले, पण रडून हसावयास जाणे गेले. ‘गार्लंड यांनी हा प्रसंग अंमळ जास्त ताणला आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याने कोणती प्रत पाहिली, हे आधी विचारावे.

५.४ अभिप्रायाची वाक्यरचना

आता भाषेकडे वळू. पुढील वाक्ये नमुन्यासाठी मी स्वतः रचली आहेत.

(अ) शेवटी मला रडू आले.
(आ) एस्थरने स्वतःचे नाव पुसून टाकले.
(इ) एस्थरचे नाव पुसले गेले.
(ई) चित्रपटाचा शेवट प्रतिगामी आहे.

(अ) मध्ये अनुभव घेणारी व्यक्ती ‘मला’ अशी चतुर्थीत येते. आपण रडू ‘आणत’ नाही, ते ‘येते’. भूक लागते, आठवण येते, राग येतो, तसेच. मराठीने अशा अनुभवांना माणसाच्या इच्छेबाहेरचे मानले आहे. या वाक्याला कोणी खोटे ठरवू शकत नाही. पण त्याचबरोबर ते चित्रपटाविषयी फारसे काही सांगतही नाही. ती प्रेक्षकाची वार्ता आहे.

(आ) आणि (इ) ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत, असे वरवर वाटेल. पहिल्यात ‘एस्थरने’ हा तृतीयान्त कर्ता आहे. निर्णय तिचा आहे. दुसऱ्यात कर्ताच नाहीसा झाला आहे. नाव कोणी पुसले? नवऱ्याने, स्टुडिओने, समाजाने? वाक्य मौन बाळगते आणि त्या मौनातूनच आरोप करते. दोन प्रेक्षकांचे भांडण कित्येकदा एवढ्याच फरकावर उभे असते. ही दोन्ही विधाने अन्वयार्थाची आहेत आणि अन्वयार्थाला पुरावा मागता येतो.

(ई) मध्ये ‘मी’ कोठेच नाही. ‘आहे’ या क्रियापदाने एक गुणधर्म थेट चित्रपटाला चिकटवला आहे. हे मूल्यमापन होय. ते करण्यास हरकत नाही, परंतु (अ) वरून एकदम (ई) वर उडी मारता येत नाही. ‘मला कंटाळा आला’ यावरून ‘चित्रपट कंटाळवाणा आहे’ असे लिहिणारा मधली पायरी गाळतो. (हाच दोष छापील परीक्षणांतही सर्रास आढळतो, तेव्हा विद्यार्थ्यांनी फार मनाला लावून घेऊ नये.)

५.५ नावांचा प्रश्न

हा चित्रपट नावांविषयी विलक्षण जागरूक आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला तो मोलाचा वाटतो तो यामुळेच. एस्थर ब्लॉजेटला स्टुडिओ ‘व्हिकी लेस्टर’ हे नाव देतो. तिला कोणी विचारत नाही. पुढे नॉर्मन बेकार घरी बसलेला असताना सामान पोहोचवावयास आलेला माणूस त्याला ‘मिस्टर लेस्टर’ म्हणून संबोधतो. पत्नीच्या, तेही बनावट, नावाने पती ओळखला जातो. ‘नॉर्मनला पत्नीच्या यशाचा मत्सर वाटतो’ असे अनेक प्रेक्षक म्हणतात. हिंदीतील ‘अभिमान’ (१९७३) आपल्या मनात असल्यामुळे आपण तर हमखास म्हणतो. परंतु येथे पुरावा तसा नाही. तिच्या गुणांचा पहिला आणि अखेरपर्यंतचा चाहता नॉर्मनच आहे. त्याला छळते ते स्वतःचे नाव हरवणे.

आणि मग शेवट. पतीच्या मृत्यूनंतर एस्थर एकांतात बुडून जाते. जुना मित्र डॅनी तिला खडसावतो आणि ती पहिल्या भेटीच्याच सभागृहात गाण्यास येते. टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांना ती स्वतःची ओळख करून देते ती ‘मिसेस नॉर्मन मेन’ अशी. एक प्रेक्षक म्हणतो, ही प्रेमाची परमावधी. दुसरा म्हणतो, स्वतःच्या बळावर उभी राहिलेली कलावती अखेर कोणाची तरी बायको होऊन उरली.

दोन्ही पक्षांना पुरावा उपलब्ध आहे. ज्याच्या नावाची नाचक्की झाली, ते नाव ती भरसभेत सन्मानाने उच्चारते, आणि स्टुडिओने लादलेले नाव बाजूला ठेवते. पण ज्या नावाने ती जन्मली, ते ‘एस्थर’ त्या वाक्यात कोठेही नाही. माझे स्वतःचे मत पहिल्या पक्षाकडे थोडे झुकते, कारण चित्रपटभर इतरांनी तिला नावे दिली आणि येथे प्रथमच ती स्वतः नाव निवडते. तरीही दुसरा पक्ष मला खोडता आलेला नाही. पुढील रूपांच्या कर्त्यांनाही तो बोचला असावा. १९३७ मध्ये हीच ओळख होती. १९७६ मध्ये नायिकेचे नाव ‘एस्थर हॉफमन हॉवर्ड’ असे पुकारले जाते, म्हणजे स्वतःचे पूर्ण नाव आणि पुढे पतीचे आडनाव. २०१८ मध्ये ती ‘ॲली मेन’ होते. ‘मिसेस’ गेले, स्वतःचे नाव परतले, पतीचे आडनाव मात्र राहिले.

५.६ नटी आणि पात्र

एक सावधगिरी सांगून ठेवते. या चित्रपटाविषयीच्या अभिप्रायांत ‘एस्थर’ आणि ‘गार्लंड’ ही नावे वारंवार एकमेकांच्या जागी येतात. त्याला कारण आहे. जूडी गार्लंड यांचे मूळ नाव फ्रान्सिस गम; त्याही लहानपणापासून रंगमंचावर वाढल्या. १९५० मध्ये त्यांचा एमजीएम या स्टुडिओशी संबंध तुटला होता आणि हा चित्रपट त्यांचे पुनरागमन होता. १९५५ च्या ऑस्करसाठी त्यांचे नामांकन झाले, पण पारितोषिक ‘द कंट्री गर्ल’साठी ग्रेस केली यांना मिळाले, त्या वेळी बाळंत झालेल्या गार्लंड रुग्णालयात होत्या. १९६९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने त्यांचा मृत्यू झाला. व्यसनाने ग्रासलेला कलावंत पडद्यावर नॉर्मन आहे आणि आयुष्यात गार्लंड. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला रंगभूषेच्या खोलीतील प्रसंग वेगळा दिसणारच. परंतु १९५४ च्या प्रेक्षकाला १९६९ माहीत नव्हते. आपल्या अभिप्रायातील कोणता भाग पडद्यावरून आला आणि कोणता चरित्रावरून, हे वेगळे लिहावे.

त्या विद्यार्थिनींनी पुढे आपल्या गृहपाठात दोन स्वतंत्र परिच्छेद लिहिले. पहिला ‘मला’ या शब्दाने सुरू होत होता आणि दुसरा ‘एस्थरने’ या शब्दाने. दोन्हींत मेळ घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला नव्हता. मी गुण कापले नाहीत.

५.७ स्वाध्याय

१. ‘एस्थरने नाव पुसून टाकले’ आणि ‘एस्थरचे नाव पुसले गेले’ या वाक्यांतील अर्थभेद कर्त्याच्या आधारे स्पष्ट करा.

२. अलीकडे पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटाविषयी पाच वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्य प्रतिक्रिया, अन्वयार्थ की मूल्यमापन, हे समासात नोंदवा.

३. तुमच्या घरातील वेगळ्या पिढीच्या व्यक्तीला तोच चित्रपट दाखवा आणि तिचा अभिप्राय तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. तुमचे व तिचे मत जेथे वेगळे होते, तेथे मतभेद पुराव्याविषयी आहे की अनुभवाविषयी, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.