वीज करायला वीज
प्रश्न : बी.ए.ला अर्थशास्त्र आहे. आदान-प्रदान नियोजन डोक्यात शिरत नाही. सोपं करून सांगाल का? – विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : चाकणचा गाड्यांचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. गाडीला पोलाद लागतं, पोलादाला वीज आणि विजेला पुन्हा पोलाद. आता वही घ्या. समजा, १०० रुपयांच्या विजेमागे १० रुपयांचं पोलाद लागतं आणि १०० रुपयांच्या पोलादामागे २० रुपयांची वीज. लोकांना १०० रुपयांची वीज हवी आहे. तिला १० रुपयांचं पोलाद, त्या पोलादाला २ रुपयांची वीज, तिला २० पैशांचं पोलाद... बेरीज करत जा. वीज १०२ रुपये ४ पैसे भरते, पोलाद १० रुपये २० पैसे. हे वरचे २ रुपये ४ पैसे समजले की विषय समजला.

अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओंटिफ यांनी साऱ्या उद्योगांसाठी याच हिशेबाचं आदान-प्रदान कोष्टक मांडलं. १९७३चं नोबेल त्यासाठीच. आपल्या पाचव्या पंचवार्षिक योजनेतही ते वापरलं गेलं. मात्र त्यात प्रमाणं स्थिर धरलेली असतात. चाकणला विजेवरच्या गाड्या बनू लागल्या, की इंजिनाचा रकाना नव्याने भरावा लागतो.

बीएमसीसी रस्त्यावर गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेल्या धनंजयराव गाडगीळांच्या नावाचं. तिथे पाचव्या योजनेचे मूळ दस्तऐवज जरूर मागून पाहा.