ग्राइंडर मध्येच बंद पडला, तर

चार इंची ग्राइंडर चौकोनी पाइप अर्धा कापून थांबला, की अंगठा आपोआप बटणाशी झटापट करू लागतो. बटण पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग मशीनला एक चापट, वायरला एक हिसका. पिन मात्र तशीच बोर्डात असते. फॅब्रिकेशनच्या कामावर मला सगळ्यात जास्त भीती या दोन मिनिटांची वाटते, कारण ग्राइंडरचं सरकतं बटण पुढे ढकललं की तिथेच अडकून राहतं. वीज गेली, चाक थांबलं आणि मशीन तसंच फरशीवर ठेवून माणूस चहाला गेला, तर वीज परतल्यावर ते मशीन कोणी हात न लावता सुरू होतं. मिनिटाला साधारण 11,000 फेरे. चार इंची चाकाची कड त्या वेगात तासाला 200 किलोमीटरच्या वर पळत असते. आपल्याकडे गावोगावी वीज जाते-येते, त्यामुळे ही गोष्ट दुर्मीळ समजू नये.

म्हणून कृती पिनेपासून सुरू होते.

1. बटण मागे, पिन बाहेर

आधी बटण बंद स्थितीत ओढा आणि मग पिन काढा. चाक अजून फिरत असेल तर ते आपोआप थांबू द्या. डोक्यावरची लॉकची खुंटी फिरत्या चाकावर दाबली, तर बिघाड नसलेला गिअरबॉक्सही फुटेल. काढलेली पिन बोर्डाजवळ लोंबकळत ठेवू नका. साइटवर कोणीतरी मदतीच्या भावनेने ती परत लावतोच. वायर ओढून आणा आणि पिनेसकट ग्राइंडरलाच गुंडाळा. मशीन तपासताना पिन तुमच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे.

2. अर्धवट कामाला आधार द्या

मशीनकडे वळण्याआधी पाइपकडे बघा. अर्धा कापलेला पाइप किंवा नुसत्या टाक्यांवर उभी असलेली ग्रिल कधीही वाकू शकते. खाली कोणी असेल तर बाजूला करा, टोकाखाली ठोकळा किंवा स्टँड द्या, गरज असेल तर सी-क्लॅम्प लावा.

चाक कापात अडकलं असेल तर ते पिळून काढायचं नाही. पाइप मधोमध खाली दबला, की काप वरून मिटतो आणि चाकाला चिमटा बसतो. कापाजवळ खालून आधार देऊन पाइप उचला, काप उघडेल, चाक सरळ वर निघेल. बंद पडण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी बटण दाबून ठेवलं तर मोटर फिरत नाही, पण तिच्यातून प्रचंड करंट वाहत राहतो. शिवाय पंखाही थांबलेला असल्यामुळे आतली हवा खेळत नाही. आर्मेचर अशाने काही सेकंदांत जळतं.

अडकलेलं किंवा मशीनबरोबर खाली आपटलेलं चाक पुन्हा वापरू नका. पातळ कटिंग व्हीलमधली चीर डोळ्यांना दिसत नाही. नवं चाक मशीनच्या आणि माणसाच्या मानाने फार स्वस्त आहे.

3. ते कसं थांबलं, हे आठवा

माझ्या मते हीच खरी तपासणी आहे आणि तिला एकही हत्यार लागत नाही. मशीन दुरुस्तीला देताना बहुतेक जण एवढंच सांगतात, की बंद पडलं. पण कसं?

आवाज, वास, ठिणगी काही नाही, एका क्षणात गप्प झालं, तर वीज, वायर, बटण किंवा कार्बन. यातलं काहीच महाग नाही. काही कार्बनच्या पोटात छोटी स्प्रिंग आणि प्लास्टिकची खुंटी असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला, की ती खुंटी कॉम्युटेटरवर टेकून कार्बनला वर उचलते आणि मशीन थांबतं. आर्मेचर वाचवण्यासाठीची ती सोय आहे, मशीन मेलेलं नसतं.

आधी जोर कमी झाला, मधूनमधून झटके बसले, मागच्या जाळीतून ठिणग्या वाढल्या आणि मग थांबलं, तर कार्बनवर संशय अधिक पक्का.

गुंजन ऐकू येतं पण चाक हलत नाही, तर बेअरिंग किंवा गिअर जाम झाला असेल, किंवा आर्मेचर शॉर्ट असेल. चाक काढून स्पिंडल हाताने फिरवून बघा. सारखा, किंचित जड फिरला तर ठीक. एखाद्या ठिकाणी अडला, खरखरला, तर बिघाड गिअरकडे किंवा बेअरिंगमध्ये आहे.

जळक्या वार्निशचा उग्र वास किंवा धूर आला असेल तर तपासणी इथेच संपली. त्या मशीनला आज पुन्हा वीज द्यायची नाही.

आणि मशीन थांबताना बोर्डातलं आरसीसीबी पडलं असेल, तर ते पुन्हा वर करून बघण्याचा मोह टाळा. करंट कुठेतरी गळतो आहे: भिजलेली वायर, सोललेलं एक्स्टेंशन किंवा मशीनच्या आत साठलेली लोखंडाची धूळ. कारण सापडेपर्यंत ते मशीन बाजूला.

4. वीज आहे का, हे दिव्याने बघा

टेस्टर पेटला म्हणजे वीज नीट आहे, असं होत नाही. टेस्टर फक्त फेज दाखवतो. साइटवरच्या बोर्डात न्यूट्रलची वायर सुटलेली असते, टेस्टर पेटतो आणि मशीन हलत नाही. मोबाइलचा चार्जरही पुरावा नव्हे, तो 100 व्होल्टवरही चालतो. एलईडी बल्ब कमी दाबावरही लख्ख दिसू शकतो. यासाठी होल्डरला दोन वायरी लावलेला जुना तारेचा बल्ब पेटीत ठेवा. तो पेटला तर वीज आहे, मंद पेटला तर दाब कमी आहे. 230 च्या जागी 170–180 व्होल्ट मिळत असतील तर ग्राइंडरचा जोर पडतो, माणूस तो जास्त दाबतो आणि मशीन तापतं. अशा वेळी दुरुस्ती करायची ती बोर्डाची.

एक्स्टेंशन रीळवर गुंडाळलेलंच वापरत असाल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही.

5. वायर आणि बटण

वायर तुटते ती मशीनच्या मानेशी, जिथे रबराचा नळा संपतो. बाहेरचं आवरण शाबूत असतं, आतले तांब्याचे केस तुटलेले असतात. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, त्याची टोकं पिनेच्या दोन दांड्यांना लावा, बटण पुढे करा. (पिन तुमच्या हातात आहे, म्हणून हे सुरक्षित.) काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत आकडा दिसला, तर वाट अखंड आहे. काहीच आला नाही, तर मानेजवळची वायर हळूहळू वाकवत मीटरकडे लक्ष ठेवा. आकडा उडी मारू लागला की जागा सापडली. तेवढा तुकडा कापून वायर पुन्हा आत जोडावी. तुटक्या ठिकाणी टेप गुंडाळून काम पुढे रेटू नये, कारण तिथेच वायर तापते.

अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला दोनच तारांची वायर असते आणि अर्थिंग लागत नाही. जुन्या, धातूच्या अंगाच्या मशीनला तीन तारांची वायर असेल, तर बदलतानाही तीन तारांचीच घाला.

6. कार्बन

काही ग्राइंडरना दोन्ही बाजूंना पेचाच्या टोप्या असतात, काहींचं मागचं झाकण उघडावं लागतं. कार्बन काढताना कुठला कुठल्या बाजूचा आणि कसा बसला होता हे लक्षात ठेवा, कारण त्याचं टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं. चांगले असतील तर त्याच बाजूला, तसेच परत बसवायचे.

अंगावर मर्यादेची रेघ असेल तर तिथपर्यंत, नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरले की बदला. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. कार्बन खोबणीत बोटाने सहज सरकला पाहिजे. तो अडकला तर स्प्रिंग त्याला खाली ढकलू शकत नाही आणि नवा कार्बन असूनही मशीन गप्प राहतं. जवळपासच्या मापाचा कार्बन फरशीवर घासून बसवण्याची पद्धत सर्रास आहे, पण हाताने घासलेली बाजू सरळ राहत नाही, कार्बन तिरका टेकतो आणि कॉम्युटेटर खातो. जुना कार्बन खिशात टाकून दुकानात न्या, त्यावरचा नंबर दाखवा. मुंबईची नागदेवी किंवा पुण्यातली बोहरी आळी हाताशी नसली, तरी तालुक्याच्या गावी वाइंडिंगवाल्याकडे चालू मशीनचे कार्बन मिळतात. त्याहून बरं म्हणजे आपल्या मशीनची एक जोडी पेटीत कायम असावी.

कार्बन बाहेर आहेत तोवर कॉम्युटेटर बघून घ्या. तांब्यावर सारखी तपकिरी झाक असेल तर तब्येत चांगली. काही पट्ट्या काळ्या जळलेल्या, खड्डा पडलेल्या किंवा वर उचललेल्या दिसल्या, तर नवे कार्बन घालून पैसे वाया जातील. धूळ मऊ ब्रशने झाडा, डोळ्यांवर गॉगल घालून कोरडी हवा मारा.

नवे कार्बन बसवल्यावर चाक न लावता मशीन चार-पाच मिनिटं मोकळं फिरवा. सुरुवातीला कार्बनखाली थोड्या निळसर ठिणग्या दिसतात, टोक बसत गेलं की कमी होतात. ठिणग्यांचं पूर्ण कडं कॉम्युटेटरभोवती फिरलं तर ताबडतोब बंद करा. आर्मेचर गेलं आहे, पुढचं काम वाइंडिंगवाल्याचं.

7. दरम्यान काम कसं पुढे न्यायचं

दोन-चार कापच उरले असतील तर हॅक्सॉ काढा. पातळ पाइपला 24 किंवा 32 दात्यांचं पान घ्या, एका बाजूने आरपार न जाता पाइप फिरवत कापा म्हणजे दाते तुटत नाहीत.

शेजारच्या साइटवरून दुसरं मशीन आणलं तर चाक जुळवून घ्या. चार इंची चाकाचं भोक 16 मिलिमीटरचं असतं, पाच इंचीचं सव्वाबावीस. सात इंची चाकावर कमाल वेग 8,500 छापलेला असतो. गार्ड काढून ते 11,000 च्या चार इंची मशीनवर चढवणं मी आजवर अनेक ठिकाणी पाहिलं आहे. घाईचं कोणतंही कारण त्याला पुरेसं नाही, ते चाक फुटून अंगात घुसतं. मधल्या पत्र्याच्या कडीवर छापलेली मुदतही वाचा.

8. पुन्हा सुरुवात

पिन बोर्डात लावण्याआधी बटण बंद आहे, हे डोळ्यांनी बघा. गार्ड आणि बाजूचं हँडल जागेवर आहे ना, तेही बघा. चाक अर्ध्या कापात ठेवून बटण दाबू नका, मशीन उसळून अंगावर येतं. कापाबाहेर सुरू करा, पूर्ण वेग घेऊ द्या, मग सरळ रेषेत जुन्या कापात अलगद उतरा.

मशीन वाइंडिंगवाल्याकडे गेलंच असेल, तर तिसऱ्या पायरीतलं सगळं त्याला सांगा: कसं थांबलं, वास आला का, ठिणग्या किती होत्या. परत घेताना जुने भाग मागून घ्या आणि तुमच्यासमोर पाच मिनिटं मोकळं चालवायला लावा. बंद करून, पिन काढून गिअरच्या डोक्यावर हात ठेवा. कोमट असेल तर घेऊन जा. चटका बसला तर तिथेच परत उघडायला सांगा.